छप्पर अब्बांचे, बचत कोणाची?

रमजानच्या आधीच्या पंधरवड्यात जकातीचा हिशेब विचारण्यासाठी मस्जिदमध्ये येणाऱ्यांत अलीकडे पंचविशी-तिशीतील तरुणांची संख्या वाढली आहे. पूर्वी हे प्रश्न दुकानदार, बागायतदार आणि लूमवाले विचारीत. आता विचारणारा बहुधा नोकरदार असतो, अविवाहित असतो, आई-वडिलांच्या घरी राहतो आणि त्याच्या खात्यात चार-पाच लाख रुपये साठलेले असतात. ते पैसे त्याने स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवलेले असतात. घर अजून झालेले नाही, रक्कम तर घराचीच आहे. मग तिच्यावर जकात कशी, असा त्याचा प्रश्न असतो.

त्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. रक्कम निसाबाइतकी, म्हणजे आपल्याकडील उलमांच्या हिशेबाने ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा अधिक असेल, देणी वजा जाता ती शिल्लक राहत असेल आणि निसाबाचा मालक होऊन एक चांद्रवर्ष लोटले असेल, तर अडीच टक्के जकात द्यावी लागते. घर घेण्याचा इरादा हा घर नव्हे. पाच लाखांवर साडेबारा हजार रुपये होतात, ते द्यावेत. एक गैरसमज मात्र येथेच दूर करणे आवश्यक आहे. दर महिन्याला अम्मीच्या हातात दिलेले पैसे काही तरुण जकातीत धरतात. आई-वडिलांना जकात देता येत नाही, याबाबत उलमांमध्ये मतभेद नाही. त्यांची गरज भागविणे हे मुलाचे स्वतंत्र कर्तव्य आहे. एका कर्तव्याच्या पैशाने दुसरे कर्तव्य फेडता येत नाही.

परंतु या सोप्या प्रश्नाच्या मागे एक कठीण प्रश्न उभा असतो आणि तो मात्र कोणी विचारीत नाही. आई-वडिलांच्या छपराखाली राहून साठविलेला हा पैसा नेमका कोणाचा आहे? वाचकहो, या अंकात आपण त्याचाच विचार करू.

प्रथम तरुणांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कमावता मुलगा घरी राहतो म्हणजे तो आळशी किंवा परावलंबी आहे, हा आरोप मला मान्य नाही. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी येथे दोन खोल्यांचे भाडे आणि वर मालकाला द्यावयाची अनामत यांचा विचार केला, तर नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाने वेगळे बिऱ्हाड कशाला करावे? त्यात आपल्या समाजातील तरुणापुढे आणखी एक अडचण आहे. बँकेचे गृहकर्ज म्हणजे व्याज, आणि व्याजापासून दूर राहण्याचा निश्चय करणाऱ्याला घराची किंमत वर्षानुवर्षे कण कण करून जमवावी लागते. जो तरुण केवळ या कारणासाठी तिशीपर्यंत वडिलांच्या घराच्या पोटमाळ्यावर झोपतो, त्याच्या त्या झोपण्यातही सवाब आहे असे मी समजतो.

शिवाय एकत्र राहणे आपल्याकडे काही नवीन नाही. नवीन आहे ती दुसरी गोष्ट. एका पिढीपूर्वी गिरणीत किंवा गोदीत लागलेला मुलगा पगाराचे पाकीट न फोडता अम्मीच्या हातावर ठेवी आणि रेल्वेच्या पासापुरते पैसे तिच्याकडून परत मागून घेई. आज पगार थेट मुलाच्या खात्यात जमा होतो आणि किती जमा झाला हे घरात कोणालाही ठाऊक नसते. एकत्र कुटुंबाचे छप्पर राहिले, एकत्र कुटुंबाचे पाकीट गेले. जुनी पद्धत सर्वस्वी न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. तीत थोरल्याच्या घामावर धाकट्यांची शिक्षणे होत आणि वाटणीच्या दिवशी थोरल्याला रिकाम्या हाताने उठावे लागे. पण तीत कोण कोणाचे देणे लागतो हे सर्वांना दिसत तरी होते. नव्या पद्धतीत ते दिसत नाही.

आता शरीअत काय सांगते ते पाहू. काही वडीलधारी मंडळी एका हदीसचा आधार घेतात. वडील आपला पैसा घेऊन टाकू पाहतात अशी तक्रार घेऊन एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला, तेव्हा तो स्वतः आणि त्याची संपत्ती दोन्ही त्याच्या पित्याचीच आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. इब्ने माजा यांच्या संग्रहात ही हदीस आहे. तिचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा तर मुलाच्या पगारावर मुलाचा हक्कच उरत नाही. परंतु फुकहांनी तसा अर्थ घेतलेला नाही, आणि त्याचे कारण कुरआनातच आहे. सूरह अन्-निसाच्या ११ व्या आयतीत, संतती असलेला मुलगा मरण पावला तर त्याच्या संपत्तीत आई आणि वडील यांना प्रत्येकी एक षष्ठांश वाटा सांगितला आहे. संपत्ती मुळातच वडिलांची असती तर त्यांना वारसा म्हणून सहावा हिस्सा देण्याचे प्रयोजन काय? ज्याला वाटा मिळतो तो मालक नसतो. म्हणून हनफी, मालिकी आणि शाफई फुकहांनी त्या हदीसचा अर्थ असा घेतला की, वडील गरजू असतील तर गरजेपुरते मुलाच्या मालातून घेण्याचा त्यांना हक्क आहे. हंबली मताने वडिलांना यापेक्षा अधिक मोकळीक दिली आहे, पण तेथेही मुलाचे नुकसान होता कामा नये ही अट आहेच.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांसाठी येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. मुलगा वडिलांच्याच कारखान्यात किंवा दुकानात काम करीत असेल, भांडवल वडिलांचे असेल, त्याची मजुरी अथवा भागी ठरलेली नसेल आणि तो त्यांच्याच घरात जेवत-खात असेल, तर हनफी फिक्हनुसार ती कमाई वडिलांची समजली जाते. मुलगा केवळ मदतनीस. वीस वर्षे लूम चालविलेल्या मुलाला वडिलांच्या पश्चात हे कळते तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकते. हा नियम क्रूर नाही. न ठरविण्याचा परिणाम क्रूर आहे. मजुरी किंवा भागी आजच ठरवा, एवढेच यावर सांगता येईल. ज्याची नोकरी बाहेर आहे त्याचा पगार मात्र निःसंशय त्याचा स्वतःचा आहे.

म्हणजे बचत मुलाची ठरली. पण येथे विषय संपत नाही. खरे तर येथून सुरू होतो.

मुलगा वयात आला, धडधाकट आहे, कमावतो आहे, तर त्याला पोसण्याची वडिलांवरील जबाबदारी संपते. मुलीची जबाबदारी, तिचे स्वतःचे उत्पन्न नसेल तर, हनफी मतानुसार तिच्या निकाहपर्यंत राहते, मुलाची नाही. याचा अर्थ असा की, अठ्ठावीस वर्षांचा कमावता मुलगा घरात जे जेवतो, ज्या पंख्याखाली झोपतो, जे धुतलेले कपडे घालून कामावर जातो, त्यातले काहीही तो हक्काने घेत नसतो. ते त्याच्यावर केलेले उपकार असतात. वेगळे राहण्यासाठी भाडे, गॅस, वीज, किराणा मिळून महिन्याला बारा हजार रुपये लागले असते असे समजू. पाच वर्षांत ते सात लाख वीस हजार होतात. ही रक्कम आई-वडिलांनी एकदम पाकिटात घालून दिली असती, तर त्या मुलाने अम्मीच्या हाताचे चुंबन घेतले असते आणि मोहल्ल्यात सर्वांना सांगितले असते. तीच रक्कम वरण-भात, भाकरी आणि इस्त्रीचे कपडे या रूपाने मिळते, तेव्हा ती कोणाला दिसत नाही. खात्यातील पाच लाख रुपयांकडे बोट दाखवून मुलगा म्हणतो, हे मी वाचविले. मराठीत 'वाचविणे' हा शब्द पैशालाही लागतो आणि बुडणाऱ्या माणसालाही. बुडणारा माणूस स्वतःला एकटा वाचवीत नाही, कोणाचा तरी हात असतो.

या ठिकाणी सूरह अन्-नूरच्या ६१ व्या आयतीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कोणाकोणाच्या घरी जेवण्यास हरकत नाही याची यादी तीत दिली आहे: तुमची स्वतःची घरे, तुमच्या वडिलांची, आईची, भावांची, बहिणींची, चुलत्यांची, आत्यांची, मामांची, मावश्यांची, आणि मित्राचेही घर. या यादीत मुलाचे घर नाही. मुफस्सिरांनी याची दखल घेतली आहे. ते सांगतात की, मुलाचे घर निराळे सांगण्याची गरजच नव्हती. ते 'तुमच्या स्वतःच्या घरांत' आलेच. वडिलांचे घर मात्र यादीत वेगळे आले आहे. म्हणजे मुलाच्या घरात आई-वडील आपल्याच घरात असतात. आई-वडिलांच्या घरात मुलगा मोकळेपणाने जेवतो खरा, पण ते घर त्यांचे असते. आपल्या समजुतीच्या हे नेमके उलट आहे. बापाच्या घराला मुलगा जन्मसिद्ध हक्काने 'माझे घर' म्हणतो आणि त्याच मुलाने फ्लॅट घेतला की आई-वडील तेथे 'राहायला येतात', 'चार दिवस राहून जातात'. बोलीतच निकाल लागलेला असतो.

आता सूरह बनी इस्राईलची २३ वी आयत याच्या शेजारी ठेवा. आई-वडिलांपुढे 'उफ' देखील काढू नये, हा आदेश आपल्या सर्वांच्या तोंडी असतो, पण त्याच्या आधीचा एक छोटा शब्द आपण घाईत सोडून देतो. आई-वडील म्हातारे होतील तेव्हा कोठे? तर 'इन्दक', तुझ्यापाशी. मुलगा आई-वडिलांपाशी राहतो आहे असे चित्र त्या आयतीत नाही. आई-वडील मुलापाशी राहत आहेत असे आहे. म्हणून आज जो मुलगा त्यांच्या छपराखाली राहून उद्याचे छप्पर उभारतो आहे, त्याने आपल्याला एकच प्रश्न विचारावा: मी जे घर शोधतो आहे, त्याच्या नकाशात ती दोघे आहेत का? कर्ज नको म्हणून त्यांच्याकडे पाच वर्षे राहिलो आणि घर घेताना जागा लहान म्हणून त्यांना मागे ठेवले, तर व्याज वाचले पण एक मोठे कर्ज बुडविले. राज्यकर्त्यांना २००७ मध्ये आई-वडिलांच्या निर्वाहासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याखाली न्यायाधिकरणात दाद मागण्याची वेळ एखाद्या अम्मी-अब्बांवर यावी, ही कोणत्याही धर्माच्या घराला शोभणारी गोष्ट नाही.

काही वाचक म्हणतील, मौलाना, आई-बापाशी कसला हिशेब? प्रेमात भाडे आणि बिले कोठून आली? ही हरकत मनापासूनची आहे, म्हणून तिला उत्तर देतो. घराची खाणावळ करा असे मी सांगत नाही. अम्मीला महिन्याच्या पहिल्या तारखेला 'भाडे' मोजून देणारा मुलगा मला तितकाच परका वाटतो, जितका काहीच न देणारा. परंतु प्रेमात हिशेब नको असे म्हणणारा बहुतेक वेळा घेणारा असतो. देणाऱ्याच्या तोंडून ते वाक्य शोभते. विजेचे बिल, गॅसचा सिलिंडर, अब्बांच्या साखरेच्या गोळ्या, महिन्याचा किराणा यांपैकी काही गोष्टी मुलाने न सांगता आपल्याकडे घ्याव्यात. किती, याचे प्रमाण ठरलेले नाही. त्याचा पगार, घरची स्थिती आणि परिसरातील रीत यांवर ते ठरेल. वडील सुखवस्तू असतील आणि त्यांनी स्वतःहून सांगितले असेल की तू काही देऊ नकोस, साठव, तर ती भेट आहे. ती आनंदाने घ्यावी, मनात अपराधीपणा ठेवू नये. मात्र 'त्यांनी कधी मागितले नाही' आणि 'त्यांनी नको म्हटले' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैशाहून मोलाची वस्तू वेळ आहे. गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हदीस बुखारी आणि मुस्लिम यांत आली आहे. त्यातील एकाने अल्लाहपुढे आपले कोणते पुण्यकर्म मांडले? गुरे चारून परतायला उशीर झाला, आई-वडील झोपी गेले होते. तो दुधाचे भांडे हातात धरून उजाडेपर्यंत त्यांच्या उशाशी उभा राहिला. पायाशी त्याची मुले भुकेने रडत होती. एकाच छपराखाली राहण्याचे खरे मोल त्या रात्रीत आहे. रात्री साडेनऊला येऊन, ताट पुढ्यात घेऊन मोबाईलमध्ये डोळे घालणारा मुलगा त्याच छपराखाली राहतो, पण आई-वडिलांसोबत राहत नाही.

यानंतर जे लिहितो ते बापांना आणि भावांना कडू लागेल. अनेक घरांत आज मुलगीही कमावते. ती शिकवण्या घेते, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करते. तिचा पगार घरखर्चात जातो आणि भावाचा पगार त्याच्या फ्लॅटसाठी साठतो. भावाची बचत दिसते, बहिणीची कमाई फोडणीत जळून जाते. तिची कमाई इस्लामने तिची ठरविली आहे. तिच्या राजीखुशीशिवाय तीतील एक रुपया बापालाही घेता येत नाही आणि भावाला तर नाहीच नाही. आई-वडील खरोखर गरजू असतील तर त्यांचा भार कमावत्या मुलावर आणि कमावत्या मुलीवर, दोघांवरही येतो. एकीने पोसायचे आणि दुसऱ्याने साठवायचे अशी वाटणी कोणत्याही फिक्हच्या ग्रंथात नाही. आणि जे बाप मुलीचा पगार थांबेल म्हणून तिची स्थळे परतवून लावतात, त्यांच्याविषयी अधिक न बोलणेच बरे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार करू पाहिले, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे का, हा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. नाही असे उत्तर येताच प्रेषितांनी (स.) साक्षीदार होण्यास नकार दिला. एका मुलाला पाच वर्षे फुकट ठेवून घर घेण्यास मदत करणाऱ्या बापाने तो प्रश्न आपल्यालाही विचारला जात आहे असे समजावे.

बचतीची झळ बसते असे आणखी एक ठिकाण म्हणजे निकाह. 'आधी फ्लॅट, मग निकाह' हे वाक्य आता सुशिक्षित घरांत शहाणपणाचे समजले जाते. ज्याला सामर्थ्य आहे त्या तरुणाला प्रेषितांनी (स.) निकाहची प्रेरणा दिली आणि ज्याला नाही त्याला रोजे सांगितले. सामर्थ्य म्हणजे मेहर, निर्वाह आणि राहण्याची जागा. मालकीचा फ्लॅट नव्हे. हजरत अली (रजि.) यांच्यापाशी हजरत फातिमा (रजि.) यांच्या मेहरसाठी काय होते? एक चिलखत. ज्याच्या खात्यात पाच लाख आहेत तो स्वतःला असमर्थ म्हणत असेल, तर त्याला हॉल आणि केटरिंगचे सामर्थ्य नाही असे म्हणावयाचे आहे, निकाहचे नव्हे.

पण याच्या उलट चूकही होते. निकाह करून बायकोला दहा बाय बाराच्या खोलीत, आई-वडील, दोन दीर आणि नणंद यांच्यामध्ये आणून ठेवायचे आणि म्हणायचे, चार वर्षे सोस, बचत होते आहे. पत्नीला निदान आतून कडी आणि बाहेरून कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली मिळणे हा तिचा हक्क आहे. हनफी फुकहांनी तो निर्वाहाच्या प्रकरणात लिहून ठेवला आहे. दिरासारख्या नातेवाइकांच्या एकांतातील वावराविषयी प्रेषितांनी (स.) किती कडक शब्दांत बजावले आहे, हे आपण जाणतोच. अरबीत राहण्याच्या जागेला 'मस्कन' म्हणतात आणि शांततेला 'सुकून'. दोन्हींचा धातू एकच. सूरह अर्-रूममध्ये पती-पत्नीच्या नात्याचे प्रयोजन सांगतानाही तोच धातू आला आहे. जिथे सुकून नाही तिथे चार भिंती असल्या तरी तो मस्कन होत नाही. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेने प्रेमाने केली तर अल्लाह तिला त्याचे मोठे फळ देईल; परंतु ती तिच्यावर लादलेली मजुरी नव्हे, आणि त्या मजुरीतून मोलकरणीचा वाचलेला पगार ही नवऱ्याची बचत तर मुळीच नव्हे. कोठे खोली होत नसेल तर थोडी बचत कमी होऊ द्यावी, लहानशी का होईना भाड्याची जागा घ्यावी. आई-वडिलांपासून दोन गल्ल्या पलीकडे राहणे म्हणजे त्यांना सोडणे नव्हे.

शेवटी कोकणातील वाचकांसाठी. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांत सौदी, कुवेत, दुबईच्या पैशाने उभी राहिलेली घरे आहेत. मुलाने तिकडे सहा-सहाजणांत एका खोलीत राहून पैसा वाचविला आणि इकडे वडिलांच्या जमिनीवर, वडिलांच्या नावाने घर बांधले. वडील गेल्यावर तो म्हणतो घर माझे. भाऊ-बहिणी म्हणतात जमीन अब्बांची, घर अब्बांच्या नावाचे, वाटणी झाली पाहिजे. पैसा भेट म्हणून दिला होता, कर्ज म्हणून, की भागी म्हणून, हे कोणीच ठरविलेले नसते. आणि ज्याला विचारावे तो कबरीत असतो. कुरआनची सर्वांत लांब आयत नमाजविषयी किंवा रोजाविषयी नाही. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. ती बापलेकांना सूट देत नाही. पुढच्या वेळी मुलगा सुटीवर येईल तेव्हा, वडील हयात आणि शुद्धीवर असताना, एक कागद करावा: किती पैसे दिले, कशासाठी दिले, जमीन कोणाची, बांधकाम कोणाचे. दोन साक्षीदार घ्यावेत. त्या दिवशी बहिणींनाही माहेरी बोलवावे आणि कागद त्यांना वाचून दाखवावा. त्यांच्या सह्या झाल्यावरच तो पेटीत ठेवावा.